वठत चाललेला आंबा व तोडीची परवानगी

बांधावरील आंबा शेंड्याकडून वठूं लागला, कीं पुष्कळांस कुऱ्हाडीची घाई होते. परंतु झाड स्वतःच्या जमिनींत असलें, तरी महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमान्वयें आंबा, फणस, चिंच, साग इत्यादि अनुसूचित वृक्ष वृक्ष-अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. मेलेल्या, रोगट अथवा जीवितास धोकादायक झाडास कायद्यांत वाव आहे. म्हणून अर्जांत ‘झाड जुनें झालें’ एवढेंच लिहिणें आम्हांस अपुरें वाटतें. खोडावरील भिरुडाचीं छिद्रें, त्यांतून गळणारा भुसा, मुळाशीं उगवलेली अळंबी, घराकडील झोक, हें सर्व स्पष्ट लिहावें. सातबारा जोडावा, सामाईक खातेदारांची संमति घ्यावी. भाऊबंदकी असेल तेथें हीच पायरी अवघड! मात्र नुसतें भिरूड लागलें असेल, तर अळी तारेनें काढून छिद्र बुजविल्यास झाड पुष्कळदां वांचतें. तें आधीं करून पाहावें.