विहारनौकेची काटकसर

'यॉट' म्हणजे विहारनौका. ती श्रीमंतांच्या ऐश्वर्याची वस्तू; तिच्यापासून काटकसरीचा पाठ मिळेल असे सहसा कोणास वाटणार नाही. तथापि नेदरलँड्समधील फेडशिप या जहाजबांधणी संस्थेने २०१५ साली पूर्ण केलेली 'सव्हाना' ही ८३.५ मीटर लांबीची मोटार-नौका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. डिझेल आणि वीज या दोहोंचा मेळ जिच्यात घातला आहे अशी ती संकरित नौका होय.

नौकेला वेगाची किंमत किती पडते ते प्रथम पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. नौकेचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध स्थूलमानाने चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट होते. उलट, वेग निम्मा केला तर अष्टमांश शक्ती पुरते. वेळ दुप्पट लागतो हे खरे. तरीही तेच अंतर तोडण्यास एकंदर चतुर्थांशच ऊर्जा खर्ची पडते.

मग नुसते सावकाश गेले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पण येथे डिझेल एंजिनाचा स्वभाव आडवा येतो. मोठे एंजिन पुरेशा भाराखाली चालते तेव्हाच ते इंधनाचे चीज करते. हलक्या भारावर तेवढ्याच कामाला त्यास अधिक तेल लागते, शिवाय आत काजळी साचते. पूर्ण वेगासाठी बसविलेले एंजिन मंद वेगाने चालविणे म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी लग्नघरचा हंडा चुलीवर चढविणे होय.

'सव्हाना'मध्ये यावर उपाय योजिला आहे. तिच्यात एकच मुख्य डिझेल एंजिन, तीन विद्युतजनित्रे आणि सुमारे दहा लक्ष वॅट शक्ती पुरविणाऱ्या बॅटऱ्या आहेत. मंद वेगात मुख्य एंजिन बंद ठेवून विजेवर जाता येते; अधिक वेग हवा असेल तेव्हा डिझेल व वीज एकत्र राबतात. जनित्रे त्यांना मानवेल अशा भारावर चालवून उरलेली वीज साठविता येते. मात्र बॅटरी ही ऊर्जेची खाण नव्हे, कोठार आहे, हे विसरता कामा नये.

पाणी मागे लोटणाऱ्या पंख्याचाही विचार येथे केलेला आहे. थोडे पाणी जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू लोटणे अधिक फायद्याचे. म्हणून दोन लहान पंख्यांऐवजी मध्यभागी एक मोठा पंखा आहे. तो पाण्याला पीळ देतो आणि त्या पिळात ऊर्जा वाया जाते. त्याच्यामागे उलट दिशेने फिरणारा दुसरा पंखा तिचा काही भाग परत मिळवितो. नौकेचे अंग लांबट व निमुळते असल्याने लाटाही कमी उठतात. नौकेमागे उसळणारी लाट पाहण्यास मनोहर खरी, पण ती तेल जाळून उठविलेली असते! या साऱ्या योजनेमुळे सुमारे ३० टक्के इंधन वाचते, असे बांधणाऱ्यांचे म्हणणे आहे.

इतके करूनही चैनीची नौका ती चैनीचीच, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तही आहे. परंतु पाण्याचे नियम धनिकांसाठी निराळे नाहीत. कोची येथे २०२३ साली सुरू झालेल्या जल-मेट्रोसाठी कोचीन शिपयार्डने शंभर उतारू नेणाऱ्या संकरित नौका बांधल्या. त्या बॅटरीवर चालतात आणि गरजेपुरते डिझेल जनित्र जवळ बाळगतात. कामावर जाणारी सामान्य माणसे तीतून रोज खाडी ओलांडतात. हवा स्वच्छ राखणारी आणि आवाज न करणारी नौका जेव्हा अशांच्या सेवेला लागते, तेव्हाच या शास्त्राचे खरे सार्थक झाले असे आम्हांस वाटते.