कांदळवनासाठी दरखास्त

हैदराबादच्या अफझलगंज भागात, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, चिंचेचा एक जुना वृक्ष उभा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने आपले पात्र सोडून शहरात प्रवेश केला आणि हजारो माणसे, त्यांची घरेदारे, दुकाने व दप्तरे यांचा काही प्रहरांत ग्रास घेतला, तेव्हा या एका झाडाच्या फांद्यांना बिलगून बसलेली दीडशेच्या वर माणसे जिवंत राहिली, ही आठवण या शहराने मोठ्या कृतज्ञतेने जपली आहे. नदीकाठचे एक झाड म्हणजे काय, हे अफझलगंजच्या रहिवाशाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. समुद्रकाठच्या झाडांसाठी पैसा कसा मागावा, हा आजच्या लेखाचा विषय मी येथून आरंभितो, तो याच कारणाने.

मुसीचा पुढचा प्रवास ध्यानात घेतला म्हणजे हा संबंध अधिकच जवळचा वाटू लागतो. शहराचा सारा मळ पोटात घेऊन ती नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. आणि महाबळेश्वरी उगम पावलेली, वाई-सांगलीच्या लोकांनी माता म्हणून पूजिलेली ती कृष्णा तिला आपल्यात सामावून घेऊन, विजयवाड्याखालून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात विलीन होते. तेथे गोडे आणि खारे पाणी जेथे एकत्र मिसळते, त्या दलदलीत कांदळवने उभी आहेत. कोकणातील खाजणांत ज्यांना आपण तिवर, कांदळ, चिप्पी म्हणतो, त्यांचीच ती सगीसोयरी. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात याच मुखाजवळच्या दिवीसीमा भागावर समुद्र चालून आला आणि दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. लाटेचा जोर मोडणारी, किनाऱ्याची माती धरून ठेवणारी, कोळंबी-खेकड्यांच्या आणि माशांच्या पिल्लांना आसरा देणारी ही झाडे जेथे नाहीशी होतात, तेथे गावाचा तट कोसळतो आणि कोळ्याचे जाळेही रिकामे येऊ लागते.

भारतात कांदळवनांचे क्षेत्र सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर आहे. ते राखावे, आणि जेथे उजाड झाले तेथे पुन्हा उभे करावे, यासाठी आज अनुदाने उपलब्ध आहेत. परंतु अनुदान मागणाऱ्यांपैकी पुष्कळांची चूक पहिल्याच ओळीत होते. ‘आम्ही दहा हजार रोपे लावू, तरी तेवढी रक्कम मंजूर व्हावी,’ असे ते लिहितात. त्या जागी पूर्वीची झाडे मेली कशाने, हा प्रश्न अर्जात कोठेही विचारलेला नसतो. ज्या कारणाने जुनी झाडे गेली ते कारण जागेवर तसेच असेल, तर नवी रोपे दोन पावसाळेही काढत नाहीत, आणि मग फळ्यावर कोरलेला आकडा तेवढा शिल्लक राहतो.

या बाबतीत पूर्व किनाऱ्यावर एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने केलेले कार्य मार्गदर्शक आहे. एकेकाळी सरसकट तोड झालेल्या क्षेत्रांत त्यांना असे आढळले, की झाडांची सावली गेल्यावर उघड्या पडलेल्या मातीतले पाणी उन्हाने आटते, जमीन मध्यभागी खचून ताटलीसारखी खोलगट होते, भरतीचे पाणी आत शिरते पण ओहोटीबरोबर परत जात नाही. ते तेथेच साचून सुकते आणि मातीतील मिठाचे प्रमाण इतके वाढते, की खाऱ्या पाण्यात जन्मलेल्या झाडालाही ते साहवत नाही. त्यावर त्यांनी उपाय केला तो पाण्याची वाट मोकळी करण्याचा. खाडीपासून एक मुख्य चर आत न्यायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे लहान चर जोडायचे. वरून पाहिले तर माशाचा काटा जमिनीवर पसरून ठेवला आहे असे वाटावे. या चरांतून दिवसातून दोनदा भरती येते व जाते, मीठ धुऊन निघते, आणि मग चरांच्या कडेने लावलेली रोपे मूळ धरतात.

याच विचाराचा एक अर्ज पुढे फलद्रूप झाला. क्योटो करारान्वये स्थापन झालेल्या अनुकूलन निधीने भारतातर्फे प्रस्ताव सादर करण्याचा अधिकार नाबार्डला दिलेला आहे. नाबार्डमार्फत गेलेला आणि स्वामिनाथन प्रतिष्ठानाने प्रत्यक्ष राबवावयाचा, आंध्र किनाऱ्यासाठी असलेला प्रस्ताव २०१४ साली सुमारे ६ लाख ८९ हजार डॉलरच्या रकमेस मंजूर झाला. त्यात समुद्राची पातळी वाढत असता किनाऱ्यावरील लोकांनी तग कसा धरावा हा मूळ प्रश्न होता, आणि कांदळवनांचे पुनरुज्जीवन व त्यांच्याच सान्निध्यात करावयाची मत्स्यशेती हे त्याचे उत्तर म्हणून मांडलेले होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की अशा निधीकडे एखादे गाव किंवा लहान संस्था परभारे अर्ज करू शकत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या हातूनच तो जावा लागतो. म्हणून योग्य दार कोणते हे शोधणे, हेच अर्जदाराचे पहिले काम होय.

दारे अनेक आहेत. हरित हवामान निधीने ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान दिलेला किनारी प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या तीन राज्यांसाठी आहे. केंद्र सरकारने ५ जून २०२३ रोजी सुरू केलेली ‘मिष्टी’ योजना ५४० चौरस किलोमीटर क्षेत्राचे उद्दिष्ट ठेवून रोजगार हमी योजना व ‘कॅम्पा’ हा भरपाई-वनीकरणाचा निधी यांचा पैसा एकत्र आणते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावण्याचे बंधन घातले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष व २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान अस्तित्वात आले; २०१७ पासूनच्या उपजीविका योजनेत गावातील गटाला खेकडापालन, कालवेपालन, जिताडापालन यांसाठी नव्वद टक्के अनुदान मिळते आणि दहा टक्के वाटा गटाने स्वतः उचलावयाचा असतो. हा दहा टक्क्यांचा वाटा मला फार मोलाचा वाटतो. कारण ज्या कामात माणसाच्या पदरचे चार पैसे असतात, ते काम तो ऊनपावसात राखतो.

दार सापडल्यावर कागदांचा विचार. संस्थेची नोंदणी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब व ताळेबंद, जमीन वन खात्याची की महसुलाची की खाजगी याचा सात-बारा व नकाशानिशी खुलासा, किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचे भान, ग्रामसभेचा ठराव: यांपैकी एकाची उणीव असली तरी दरखास्त दप्तरी दाखल होऊन पडते. परदेशी पैसा घ्यावयाचा तर २०१० च्या परकीय योगदान (नियमन) कायद्याखाली परवानगी लागते, आणि त्यातून व्यवस्थापनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. अंदाजपत्रकात चर खोदण्याची मजुरी दाखवितात. परंतु गाळाने भरलेले चर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा उपसण्याची मजुरी पुष्कळजण विसरतात. वस्तुतः रोप जगेल की मरेल, हे त्याच एका रकान्यावर अवलंबून असते. किती रोपे लावली याबरोबर तीन वर्षांनी किती जगली हे मोजण्याचे वचन, आरंभीच्या स्थितीची नोंद, आणि हप्त्यागणिक उपयोगिता प्रमाणपत्र देण्याची तयारी, ही ज्या अर्जात दिसतात त्यावर मंजुरी देणाऱ्याचा विश्वास बसतो.

मात्र या साऱ्याच्या आधी ज्याचे ऐकावे, तो खाडीकाठचा कोळी. उधाणाचे पाणी कोठवर येते, भांगाच्या दिवसांत कोणता ओहोळ कोरडा पडतो, कोणत्या वर्षी कोणी बांध घातला आणि त्यानंतर तिवर कोठून वाळू लागले, हे त्याला मुखोद्गत असते. अर्जाचा आत्मा त्याच्याजवळ आहे. अर्जाची भाषा तेवढी त्याच्याजवळ नाही.

तेव्हा अफझलगंजच्या आणि एकूणच हैदराबादच्या मराठी वाचकांना माझे एक मागणे आहे. आपल्या घरांत हिशेबतपासनीस आहेत, अभियंते आहेत, कारकुनीत हयात घालविलेले निवृत्त गृहस्थ आहेत, मराठी, तेलुगू, उर्दू व इंग्रजी या चारही भाषांत सहज वावरणाऱ्या भगिनी आहेत. कृष्णेच्या मुखाशी असो वा सिंधुदुर्गाच्या खाडीकाठी, मच्छीमारांच्या एखाद्या सहकारी संस्थेची एक दरखास्त लिहून देण्यास, तिचा जमाखर्च नीट मांडून देण्यास त्यांपैकी कोणी वर्षातले पंधरा दिवस खर्चिले, तर ते दान रोकड रकमेहून कमी नाही. मुसीचे पाणी आपल्या दारावरून त्या किनाऱ्याकडे रोज जात आहे. त्याच्यामागून आपली मदतही जावी.