कंप एंजिनाचा कीं गाडीचा?

भंडारा जिल्ह्यांत धान निघूं लागलें, कीं तुमसर, लाखनी, साकोली व पवनी येथील रस्त्यांवर पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. पूर्वीं जें ओझें बैलगाडी वाहत असे, तें आज या लहान मालमोटारींवर येऊन पडलें आहे. यांतील पुष्कळ गाड्या जुन्या असून कित्येक कुटुंबांचें वर्षाचें उत्पन्न अशा एकाच गाडीवर अवलंबून असतें. अशी गाडी एके दिवशीं कारण न कळतां थरथरूं लागते. स्टिअरिंग हातांत कांपतें, आरशांतलें चित्र फाटतें, बसणाऱ्याच्या पायांना मुंग्या येतात. मालक म्हणतो, "एंजिन गेलें." एंजिन उघडलें जातें, हजारों रुपये खर्ची पडतात, आणि जोडून झालेली गाडी पूर्वींसारखीच थरथरत गॅरेजाबाहेर पडते.

असें होण्याचें कारण सोपें आहे. कंप जेथें जाणवतो तेथेंच तो उत्पन्न होतो असा नियम नाहीं. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं एक प्रश्न सोडवावा लागतो : हा कंप कोणाच्या गतीबरोबर वाढतो व घटतो? एंजिनाच्या, कीं चाकांच्या?

मुळांत कंपावांचून एंजिन नसतेंच. अशा गाडीच्या डिझेल एंजिनास बहुधा चार सिलिंडर असतात, व प्रत्येक सिलिंडरमध्यें दर दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो. गाडी उभी असतां एंजिन मिनिटास ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदास साडेबारा फेरे व २५ स्फोट होतात. हे स्फोट सारख्या अंतरानें व सारख्या जोरानें होत आहेत, तोंवर ते फारसे जाणवत नाहींत. उरलेला धक्का रबरी ठोकळे शोषून घेतात. १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें प्लिमथ गाडींत एंजिनाची रबरी बैठक आणली, तेव्हां त्या गाडीच्या सौम्य चालीचा मोठा बोलबाला झाला. गॅरेजांत या बैठकीलाच माउंटिंग म्हणतात.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गाडी सपाट जागीं ठेवून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि हळूहळू रेस द्यावी. तोच कंप येथेंही आला, तर चाकें व शाफ्ट यांकडे बोट दाखविण्याचें कारण उरत नाहीं. मंद चालींत एंजिन लंगडत असेल, तर एखादा सिलिंडर काम करीत नसावा. उखळापाशीं चौघी जणी आळीपाळीनें धान कांडीत असतां एकीचें मुसळ दर वेळीं चुकावें, तशी ही स्थिति होते. सेकंदाच्या पंचवीस ठोक्यांतले सहा गळतात, आणि तेवढ्याच वेळां एंजिन हिसका देतें. याचें कारण बिघडलेलें नोझल, डिझेलमध्यें शिरलेली हवा वा पाणी, किंवा सिलिंडरमधील उणा पडलेला दाब, यांपैकीं कांहीं असूं शकतें. यांत्रिक पंपाच्या जुन्या एंजिनांत कुशल मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित् सैल करून पाहतो. ज्या नळीचा नट सैल करूनही चालींत फरक पडत नाहीं, तिचा सिलिंडर आधींच निकामी असतो. मात्र कॉमन रेल पद्धतीच्या नव्या एंजिनांत हा प्रयोग मुळींच करूं नये. तेथें डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटींहून अधिक असूं शकतो, व ती बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते.

चारही सिलिंडर बरोबर चालत असूनही गाडी थरथरत असेल, तर माउंटिंग तपासावें. रबर तेलानें फुगतें, उष्णतेनें तडकतें व शेवटीं दबून लोखंडास लोखंड टेकतें. धुराड्याची नळी चासीस घासत असली, तरीही ठराविक गतीस सारी गाडी गुणगुणूं लागते. क्लच दाबतांच कंप बदलत असेल, तर क्लचकडे पाहावें.

उभी गाडी शांत आणि चालती गाडी कांपते, असें असेल तर दुसरी परीक्षा घ्यावी. येथेंच बहुतेकांची फसगत होते. अनेक जुन्या पिकअपांत चौथ्या गिअरमध्यें एंजिन व मागील चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीनें फिरतात. त्यामुळें शाफ्टचा दोष एंजिनाच्या माथीं बसतो. समजा, चौथ्या गिअरमध्यें ताशीं ५० किलोमीटरला कंप येतो. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगानें गाडी तिसऱ्या गिअरमध्यें चालवावी. आतां एंजिन अधिक जलद फिरतें. शाफ्ट व चाकें मात्र पूर्वींच्याच गतीनें फिरतात. कंप तसाच राहिला, तर एंजिन उघडण्याचें कांहीं कारण नाहीं.

या वेगास चाक सेकंदास सहा-सात फेरे घेतें, तर शाफ्ट सुमारें पंचवीस. म्हणून स्टिअरिंगमध्यें जाणवणारा संथ हेलकावा बहुधा चाकाचा असतो, आणि पायांखालची बारीक, जलद थरथर शाफ्टची. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या कडेनें फिरलेल्या गाडीच्या रिंगेंत चिखल बसून दगडासारखा वाळतो व चाकाचा तोल बिघडवितो. त्याचा उपाय बादलीभर पाणी व एक काठी एवढाच.

शाफ्टच्या टोकांस असणाऱ्या क्रॉस-जोडाचा अभ्यास सतराव्या शतकांत इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें केला होता. हा जोड तिरपा असतां एका बाजूस सम गति दिली, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होते. दोन टोकांचे दोन जोड हा दोष परस्परांत फेडून टाकतात; परंतु त्यांची मांडणी जुळलेली असावी लागते. म्हणून शाफ्ट सोडण्यापूर्वीं दोन्ही भागांवर खुणा कराव्या. एरवीं दुरुस्तीनंतर नवाच कंप सुरू होतो. पोतीं लादल्यावर मागचे पाटे दबून जोडांचा कोन बदलतो. रिकामी गाडी शांत व भरलेली थरथरते, याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

झिजलेला क्रॉस फार दिवस तसाच ठेवणें धोक्याचें आहे. तो तुटला, तर फिरता शाफ्ट गाडीखालीं आपटतो, व पोत्यांवर मजूर बसलेले असतील तर त्यांच्या जिवावर बेततें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं कंप आला ती वेळ, वेग, गिअर आणि ओझें या चार गोष्टी एका चिठ्ठीवर टिपाव्या, व ती चिठ्ठी आधीं मिस्त्र्याच्या हातीं द्यावी. एंजिन उघडावयाचें कीं नाहीं, याचा निर्णय त्यानंतर करावा.