सीडी का मुकी होते?

महाड-पोलादपूरकडचा पावसाळा म्हणजे भिंतींना ओल नि कपड्यांना बुरशी! विकतची जुनी सीडीही यातून सुटत नाही. ती दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात? तिथे अ‍ॅल्युमिनियमचा थरच नाही. काही छिद्रे कारखान्यातच राहतात. ती थोडी असली, तर यंत्र चूक भरून काढते. पण हा अतिशय पातळ थर असतो छापील बाजूला, नुसत्या लाखेसारख्या लेपाखाली. लेप सदोष असला की दमट हवा आत शिरते, अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड होते आणि लेसरचा किरण परतत नाही. खालच्या बाजूचा ओरखडा घासून पुसता येतो; गेलेला थर मात्र परत येत नाही. म्हणून छापील बाजू अधिक जपा, आणि आवडती गाणी वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवा!