काडतुसांची ठोक खरेदी : स्वस्त काय, महाग काय?



२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून मंडळाच्या स्नेहमेळाव्यात नेमबाजीची चौकशी वाढली आहे. काही घरांत आजोबा-पणजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर परवान्यासह जपून ठेवलेली आहे, ती रेंजवर न्यावी अशी तरुण मंडळींची इच्छा असते. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रविवारी स्कीटच्या सरावाला जातो, त्यामुळे एक प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो : काडतुसे एकदम घेतली तर स्वस्त पडतील का, आणि कोणती घ्यावीत?

आधी किती लागतात ते पाहू. उडत्या तबकडीच्या नेमबाजीत एका फेरीत २५ तबकड्या असतात. स्कीटमध्ये प्रत्येक तबकडीला एकच गोळी, म्हणजे फेरीला २५ काडतुसे, आणि २५ चाच डबा मिळतो. ट्रॅपमध्ये साधारणपणे दुसरी गोळी झाडण्याची मुभा असते, तेव्हा फेरीला ५० पर्यंत लागू शकतात. दर रविवारी दोन फेऱ्या स्कीट म्हटले तरी महिन्याला २०० काडतुसे होतात. त्यामुळे डब्यामागे पाच-पन्नास रुपये वाचवण्याचा मोह होणारच.

आम्हालाही तो झाला होता. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही सर्वांनी एकाच दुकानातून जुना साठा कमी भावात घेतला. आयुष्य बँकेत गेलेले, त्यामुळे हिशेब चोख केला होता. समजा चांगले काडतूस ५० रुपयांना आणि हे ४५ ला. २५० काडतुसांमागे १,२५० रुपये वाचले. त्यातली १५ फुसकी निघाली तरी उरलेली २३५ सुमारे ४८ रुपयांना पडतात, म्हणजे अजून फायदाच!

तिसऱ्या रविवारी आमच्यातील एकाच्या बंदुकीतून नेहमीचा दणका न येता 'फुस्स' असा आवाज आला. तो दुसरी गोळी झाडणार इतक्यात प्रशिक्षकांनी ओरडून थांबवले. बंदूक रिकामी करून नळीतून पाहिले, तर आतला प्लास्टिकचा डट्टा मध्येच अडकलेला. त्याच नळीतून पुढची गोळी झाडली असती तर नळी फुटली असती आणि डावा हात गेला असता. ही रक्कम आमच्या हिशेबात कुठेच धरलेली नव्हती. उरलेली काडतुसे आम्ही पुन्हा वापरली नाहीत.

त्यातून शिकलो ते असे. न उडालेले काडतूस पैशाचे नुकसान करते, अर्धवट उडालेले काडतूस जिवावर बेतते. म्हणून भाव शेवटी विचारावा. त्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

१) आपल्या बंदुकीचे चेंबर. काडतुसावर ६५ किंवा ७० मिलिमीटर लिहिलेले असते. ही लांबी झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. त्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते आणि माणूस फसतो. झाडल्यावर तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. अनेक जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर ६५ चे आहे, तर आज रेंजवर मिळणारी काडतुसे बहुधा ७० ची असतात. वारसाने आलेली बंदूक आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. नळीवर वळ्यावळ्यांची दमास्कस नक्षी असेल तर ती भिंतीवरच शोभू द्या.

२) वजन आणि छर्रा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पर्धेच्या काडतुसात छर्रे २४ ग्रॅमचे असतात आणि एक छर्रा २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. ट्रॅपसाठी साडेसात नंबर, जवळच्या स्कीटसाठी नऊ नंबर घेण्याची रीत आहे. सरावाला जड काडतूस घेऊन उपयोग नाही. पैसे जास्त, खांद्याला धक्का जास्त, आणि तिसऱ्या फेरीत माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो.

३) नमुना. मोठी खरेदी करण्याआधी त्याच लॉटचे दोन डबे घ्या. दोन्ही नळ्यांतून झाडून पाहा. सगळी उडतात का, आवाज आणि धक्का सारखा आहे का, पुंगळी सहज निघते का? सुमारे ३५ मीटरवर मोठा कागद लावून झाडा आणि ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात छर्रे सारखे पसरतात का तेही पाहा. समाधान झाले तरच त्याच लॉट क्रमांकाचा माल घ्या.

४) साठवण. आपल्याकडचा पावसाळा हा काडतुसांचा शत्रू. कुलूपबंद, कोरडी, थंड जागा हवी. पितळेवर हिरवट डाग, फुगलेली पुंगळी किंवा सैल तोंड दिसले तर ते काडतूस बाजूला काढा. चार महिन्यांत संपेल एवढेच घ्या.

ठोक खरेदीला कायद्याचीही मर्यादा आहे. एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत, त्यांची माहिती आपल्या रायफल संघटनेकडून घ्यावी. एकाच्या परवान्यावर सर्वांचा माल घेणे किंवा शेजाऱ्याला डबाभर काडतुसे उसनी देणे चालत नाही. आम्ही सर्व जण एकाच दिवशी दुकानात जातो, एकाच लॉटचा माल प्रत्येक जण आपापल्या परवान्यावर घेतो. दुकानदार भाव कमी करतो आणि नोंदही चोख राहते. किती घेतली, किती झाडली याची वही ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी ती कामाला येते.

शेवटी एक विनंती. काडतूस उडाले नाही तर बंदूक मैदानाकडेच रोखून पुरते एक मिनिट थांबा, मग उघडा. आवाज हलका आला तर झाडणे थांबवा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत दुसरे काडतूस भरू नका. आमच्या त्या मित्राचे दोन्ही हात आज शाबूत आहेत. यंदा गणेशोत्सवात तबल्याची साथ तेच करणार आहेत.