व्हायरसांची पोषक-विशिष्टता

ठराविक जातीच्या सजीवांना आणि त्यांच्या शरीरातीलही ठराविक कोशिकांनाच (पेशींनाच) संक्रामित करण्याचा व्हायरसांचा गुणधर्म. ज्या कोशिकेत व्हायरस वाढतो तिला पोषक कोशिका म्हणतात. व्हायरसाला स्वतःचा चयापचय नसल्यामुळे त्याचे गुणन जिवंत कोशिकेतच होते. त्यासाठी कोशिकेस चिकटणे, आत शिरणे, न्यूक्लिइक अम्ल मोकळे करणे व कोशिकेच्या यंत्रणेकरवी नवे व्हायरस तयार करणे हे टप्पे पार पडावे लागतात. यांपैकी एकही टप्पा अडल्यास संक्रामण पूर्ण होत नाही.

पहिल्या टप्प्यात कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राही रेणू निर्णायक ठरतात. हे रेणू कोशिकेच्या स्वतःच्या कार्यासाठी असतात. व्हायरस त्यांचा केवळ फायदा घेतो. व्हायरसाच्या पृष्ठावरील प्रथिनाची रचना ग्राहीशी जुळली तरच तो चिकटतो. एचआयव्ही हा व्हायरस मुख्यतः सीडी४ हा ग्राही असलेल्या श्वेत कोशिकांवर हल्ला करतो, तो यामुळेच.

पोलिओ व्हायरसावरील प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. ससा व कोंबडी यांच्या कोशिकांत हा व्हायरस शिरू शकत नाही. परंतु जॉन हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये त्याचे कवचरहित रिबोन्यूक्लिइक अम्ल अशा कोशिकांत घातले, तेव्हा त्यांत नवे व्हायरस तयार झाले. हे व्हायरस कवचयुक्त असल्याने शेजारच्या कोशिकांत मात्र शिरू शकले नाहीत. अडथळा कोशिकेच्या आत नसून तिच्या दाराशी होता. या व्हायरसाचा मानवी ग्राही १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याचे जीन घातलेल्या उंदरांना पोलिओचा पक्षाघात होतो. तथापि तोंडावाटे दिलेल्या व्हायरसाने त्यांना सहसा संक्रामण होत नाही. ग्राही आवश्यक असला, तरी पुरेसा नसतो. इंटरफेरॉनासारखी संरक्षक द्रव्ये व कोशिकेतील एंझाइमे यांवरही संक्रामण अवलंबून असते. उदा., इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाच्या पृष्ठावरील एका प्रथिनाचे विभाजन करणारी एंझाइमे श्वसनमार्गात आढळतात. या विभाजनाशिवाय तो व्हायरस संक्रामक होत नाही.

या गुणधर्माला व्यावहारिक महत्त्व आहे. देवीच्या व्हायरसाचा नैसर्गिक पोषक केवळ मानव असल्याने लसीकरणानंतर त्याला आसरा उरला नाही व १९८० मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाले. पोलिओच्या बाबतीतही हीच परिस्थिती अनुकूल ठरली. नैसर्गिक पोलिओ व्हायरसाचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. याउलट, पीतज्वराचा व्हायरस जंगलातील माकडांतही वाढतो. त्यामुळे माणसांना लस देऊन रोगाला आळा घालता येतो, पण व्हायरसाचे समूळ उच्चाटन होत नाही.