घरातला समुद्र (भाग 6) : गोड्या पाण्याचा हिशेब

मागच्या भागांत आपण मीठ कालवलं, क्षारता मोजली, खडक रचले आणि जिवाणूंची वस्ती बसेपर्यंत माशांविना टाकी बघत बसण्याचा कंटाळाही काढला. आता टाकीत दोन क्लाउनफिश आहेत, मऊ प्रवाळाचे एक-दोन तुकडे आहेत आणि बाहेर एप्रिलचं ऊन पडलंय. छत्रपती संभाजीनगरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, समुद्र इथून तीन-साडेतीनशे किलोमीटर, खारं पाणी आणणार कुठून? खरं तर तेच सगळ्यात सोपं. मिठाची बादली कुरिअरने घरी येते, एकदा आणली की महिनोन्‌महिने पुरते. या शहरात टाकी अडते ती गोड्या पाण्यापाशी.

आकडे मांडून बघू. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी धरा. काठोकाठ भरली तर 255 लिटर. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा करा, खालच्या सम्पमधलं पाणी मिळवा. साधारण 200 लिटर पाणी फिरत असतं. उन्हाळ्यात वरून पंखा चालू असेल तर दिवसाला पाच लिटरपर्यंत पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. हजार भागांत 35 असलेली क्षारता दुसऱ्या दिवशी 35.9 होते, तीन दिवस लग्नाला गावी गेलात आणि कुणी पाणी घातलं नाही, तर 37.8. मासे हे काही काळ निभावून नेतात. गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ नेत नाहीत. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, आणि ती गोड्या पाण्यानेच करायची. नवशिके पुष्कळदा कालवून ठेवलेलं खारं पाणीच ओततात आणि पंधरा दिवसांनी रिफ्रॅक्टोमीटर बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात.

रोजचे पाच म्हणजे आठवड्याला 35 लिटर. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, त्याचे आणखी 20. झाले 55 लिटर शुद्ध पाणी. साधं घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना तीनेक लिटर बाहेर टाकतं. म्हणजे नळातून घ्यावे लागले 220 लिटर. टाकीत आहे त्याहून थोडं जास्तच पाणी दर आठवड्याला! गेली कित्येक वर्षं ज्या शहराला जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर असूनही नळाचा दिवस कॅलेंडरवर खूण करून लक्षात ठेवावा लागला, जिथे गच्चीवर, जिन्याखाली, मोरीत निळे ड्रम भरून ठेवलेले असतात, तिथे आठवड्याला एक पूर्ण ड्रम छंदासाठी काढायचा. घरात यावर बोलणी होणार. ती टाकी घेण्याआधी झालेली बरी.

आरओच्या सांडपाण्याचं काय करायचं, हे पाण्याच्या उगमावर ठरतं. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 400 धरला तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा साडेपाचशेच्या आत राहतो. फरशी पुसायला, संडासात टाकायला, धुण्याच्या पहिल्या पाण्याला ते चालतं. बोअरचं पाणी 1200 चं असेल तर हाच आकडा 1600 वर जातो. ते कुंड्यांना घालू नका आणि कूलरमध्येही नको, जाळीवर पांढरा थर बसतो. सांडपाणी मुळातच कमी करायचं तर दोन गोष्टी होतात. एक, दाब. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला जेमतेम एक बार दाब मिळतो, आरओच्या पडद्याला (मेम्ब्रेनला) चारेक बार हवा असतो. बूस्टर पंप नसेल तर शुद्ध पाणी कमी आणि वाया जाणारं जास्त. दोन, पहिल्या पडद्याचं सांडपाणी दुसऱ्या पडद्यातून काढणं. पाणी फार जड नसेल तर प्रमाण जवळजवळ एकास एक येतं, पण पडदे लवकर बदलावे लागतात.

स्वयंपाकघरातलं आरओ यासाठी वापरू नका, हे मी आग्रहाने सांगेन. त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा नॉब असतो, त्यामुळे टीडीएस मीटरवर शून्याऐवजी 60-80 येतात. शिवाय हल्ली त्यात तांब्याचं कार्ट्रिज घालायची टूम आहे. माणसाच्या तब्येतीला ते काय करतं ते करो, पण पाठीचा कणा नसलेल्या समुद्री जीवांना अतिशय कमी तांबंही विषासारखं बाधतं. याच कारणाने एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही बाद. वरकरणी ते ऊर्ध्वपातित पाण्यासारखं शुद्ध, पण बहुधा तांब्याच्या गुंडाळीवरून ओघळून आलेलं. जारचं पाणी दर खेपेला वेगळं निघतं. बोअरच्या पाण्यात आपल्या काळ्या पाषाणातून उतरलेली सिलिका भरपूर असते. ते नुसतं गाळून वापरलं तर काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळाची साय धरते आणि पुसली तरी चार दिवसांत परत येते. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार टिपणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा लावायचा आणि मीटर शून्य दाखवेल तेच पाणी घ्यायचं. एक-दोन दिसू लागले की रेझिन बदला.

आता उन्हाळ्याकडे वळू, कारण निम्म्याहून जास्त पाणी तिथेच जातं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापलेलं काही आठवडे राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवालं बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 साली हेच झालं. टाकीत 25-26 अंश ठेवायचे, 28 च्या वर फार काळ जाऊ द्यायचं नाही. मेमध्ये घरातली भिंतही त्याहून गरम असते.

इथे मात्र समुद्रापासून लांब असण्याचा फायदा होतो. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. एक लिटर पाणी उडायला जेवढी उष्णता लागते, तेवढी 200 लिटरमधून काढली तर ते जवळजवळ तीन अंशांनी निवतं. दिवसाला पाच लिटर उडणं म्हणजे सुमारे 140 वॅट उष्णता चोवीस तास बाहेर काढणं, आणि हे काम पाच-दहा वॅटचे दोन छोटे पंखे करतात. पंख्याने पाणी किती निवेल याची मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की जो आकडा दिसतो, त्याच्या खाली पंखा नेऊ शकत नाही. मेमधल्या दुपारी 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना हा आकडा 22 च्या आसपास येतो. मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर तो 29 असतो. मुंबईकराने पंखा कितीही फिरवला तरी प्रवाळाला सोसेल इतकं पाणी निवणार नाही, त्याला चिलर घ्यावाच लागतो. आपल्याला तो टाळता येतो, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

चिलर लावला, झाकण घातलं, की उडणारं पाणी एक-दोन लिटरवर येतं, पण विजेचं बिल चढतं आणि चिलरने काढलेली उष्णता त्याच खोलीत राहते. तुमच्याकडे बारा महिने टँकर असेल तर माझं मत चिलरकडे झुकतं. नळ बऱ्यापैकी येत असेल तर पंखे पुरेत, खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर खोलीतच दमटपणा साठतो. पंखे लावताना काचेचं झाकण काढावं लागतं. त्याजागी बारीक जाळी बसवा, नाहीतर रात्री मासा उडी मारून जमिनीवर पडतो. खरी परीक्षा मेअखेरीला, वळवाच्या आसपास. ऊन तेच, पण हवा दमट, आणि पंखा अचानक निकामी वाटू लागतो. त्या आठ-दहा दिवसांसाठी दिवे चार तासांवर आणा, मासे अर्धपोटी ठेवा आणि बाटल्यांत गोठवलेलं पाणी सम्पमध्ये तरंगत सोडा, बाटलीचं बूच घट्ट लावून. जुलैत पंखे काढून ठेवता येतात. डिसेंबरच्या रात्री उलट हीटर लागतो.

या उडणाऱ्या पाण्यातून एक गोष्ट वसूलही करता येते. दगडी प्रवाळ आणि शैवालांचे गुलाबी थर कॅल्शियम आणि कार्बोनेट खात असतात. भरपाईच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की दोन्ही मिळतं. ही पद्धत युरोपातल्या छांदिष्टांनी, विशेषतः पेटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात रुळवली. निवळी किती घालता येईल ते पाणी किती उडतं यावर ठरतं, आणि आपल्याकडे तर ते भरपूर उडतं. पण हात आखडता ठेवा. पूर्ण तीव्रतेच्या निवळीचे पाच लिटर 200 लिटरच्या टाकीत गेले तर क्षारधारकता (अल्कलिनिटी) एका दिवसात जवळजवळ 3 डीकेएचने वाढते. नव्या, मऊ प्रवाळांच्या टाकीला इतकं पचत नाही. लिटरला पाव चमचा, तोही दर आठवड्याला क्षारधारकता मोजून. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, त्यामुळे ती थेंबथेंब आणि रात्री सोडायची, तळाचा साका ढवळायचा नाही आणि भांडं झाकायचं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो. पानटपरीवरचा चुनाही रसायनाने तोच, पण त्यात भट्टीतलं आणखी काय आलं ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या.

भरपाई आपोआप करणारी फ्लोटची यंत्रणा घ्याच, पण तिच्या भांड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी ठेवू नका. फ्लोट अडकला तर ते सगळं एकदम टाकीत जातं, आणि त्यात निवळी असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं.

वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, तापमानाचं नंतर. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि परतीचा पंप एवढेच ठेवा. मिळून पन्नास वॅटही होत नाहीत. दिवे आणि चिलर त्यावर जोडू नका.

शेवटी दोन प्रश्न, जे सारखे येतात. लोणारचं पाणी चालेल का? नाही. ते सरोवर खारं आहे, पण त्या खारेपणात सोडाही बराच, पीएच 10 च्या आसपास, समुद्राचा 8.1 ते 8.3. शिवाय ते संरक्षित क्षेत्र आहे.

आणि मालवण-तारकर्लीच्या सहलीहून प्रवाळाचा दगड आणला तर? दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. मालवणचा किनारी पट्टा तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. परदेशी दगडी प्रवाळांना साइट्स कराराची कागदपत्रं लागतात आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर घरी ठेवलेल्या अशा प्रजातींची नोंदणीही. म्हणून या मालिकेत आपण कोरडा, कारखान्यात बनवलेला खडक आणि टाकीतच वाढवून तोडलेले मऊ प्रवाळ यांवरच थांबलोय. विकत घेताना बिलावर प्रजातीचं नाव लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नका.